लागू पडते ते सांगणाऱ्याला

मराठी घरात शिंक ही खासगी बाब राहत नाही. तुम्ही नाकाला रुमाल लावेपर्यंत उजवीकडून सुंठ सुचवली जाते, डावीकडून गवती चहा, आणि आतून आवाज येतो, "त्याला ज्येष्ठमध द्या गं आधी." काय होतंय असे कोणी विचारत नाही. काय घ्यायचे तेवढे सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढते ते बघून बघून माझे एक मत झाले आहे. नैसर्गिक टॉनिकांचा गुण येतो, यात शंका नाही. मात्र घेणाऱ्याला येण्याच्या कितीतरी आधी तो सांगणाऱ्याला येतो. घेणाऱ्याच्या वाट्याला पथ्य, कडू तोंड आणि पहाटेचे उठणे. सांगणाऱ्याला यातले काही नाही, तरी त्याची भूक वाढते, झोप सुधारते आणि आवाज खणखणीत होतो.

आपल्यावर हा प्रयोग पाळण्यापासून सुरू होतो. बालरोगतज्ज्ञ सांगतात, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. आजी हे शांतपणे ऐकून घेते, मान डोलावते आणि घरी येऊन सहाण धुवायला लागते. मग गुटीचा डबा उघडतो. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी. कशाचे किती वेढे हे ठरलेले, आणि ते कुठे लिहून ठेवलेले नाही, कारण लिहून ठेवले तर आजीला कोण विचारणार? प्रत्येक काडीमागे शास्त्र असते. मुरुडशेंगेला निसर्गानेच पीळ घातलेला आहे, म्हणून ती पोटातल्या पिळावर. या न्यायाने डोकेदुखीवर नारळ चालायला हवा होता, पण तेवढे विचारायची सोय नसते. जायफळाचा एखादा वेढा जास्त पडला की बाळ दुपारभर गाढ झोपते. आजी म्हणते, "बघ, लगेच गुण आला." बाळाला काय वाटले ते कळायला मार्ग नाही. आजी मात्र त्या झोपेवर संध्याकाळपर्यंत टवटवीत असते.

बाळाची गुटी सुटते न सुटते तोच आईचे लाडू चालू झालेले असतात. अळिवाचे, मेथीचे, डिंकाचे. अळिवात लोह भरपूर, हे आहारतज्ज्ञही मान्य करतात, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात मजा नाही. मजा आहे ती डिंकात. डिंक धावड्याचा की बाभळीचा, या प्रश्नावर दोन विहिणी तीन आठवडे बोलल्या नाहीत असे घर मी पाहिले आहे. लाडवात खारीक, खोबरे, खसखस, बदाम, गोडंबी, गूळ आणि साजूक तूप. डिंक काढून घेतला तरी उरलेल्या ऐवजावर घोडा पुण्याहून साताऱ्यापर्यंत जाईल. तरीही श्रेय डिंकाला. बाळंतिणीपेक्षा तिच्या नवऱ्याचे वजन या लाडवांनी अधिक वाढते, याची नोंद मात्र कोणत्याही ग्रंथात नाही.

ग्रंथांवरून आठवले. च्यवनप्राशाची कृती चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात दिली आहे. तिच्यात आवळेच पाचशे लागतात. हौसेने घरी करायला बसलेल्या माणसाला पाचशे आवळ्यांच्या बिया काढता काढता रसायनाची खरी गरज उत्पन्न होते, असा त्यात हिशेब असावा. डाबरने १९४९ मध्ये तो डब्यात भरून विकायला आणला आणि ही अडचण सुटली. हे खाऊन म्हातारे च्यवन ऋषी पुन्हा तरुण झाले, असे चरकात आहे. महाभारतात मात्र डबा नाही, डुबकी आहे. वारुळात काहीतरी चमकते आहे म्हणून शर्याती राजाच्या मुलीने, सुकन्येने, काट्याने टोचून पाहिले. ते च्यवनांचे डोळे निघाले. ऋषींना राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी काय करावे? राजाच्या सबंध सैन्याचे मलमूत्र कोंडून टाकले! ज्यांच्या नावाचा चमचा चाटून आपण रोज सकाळी आशेने बसतो, त्यांची वैद्यकाशी पहिली गाठ ही अशी पडलेली आहे. पुढे अश्विनीकुमार आले. ते दोघे आणि च्यवन असे तिघे सरोवरात उतरले आणि बाहेर आले ते एकसारखे तरुण, देखणे होऊन. सुकन्येने त्यांतून आपला नवरा बरोबर निवडला. च्यवनांना तारुण्य मिळाले, ठीकच. पण उपाय सांगणाऱ्या अश्विनीकुमारांचेही नुकसान झाले नाही. च्यवनांनी थेट इंद्राशी भांडून त्यांना यज्ञातल्या सोमरसाचा वाटा मिळवून दिला.

सांगणाऱ्यांचा सुवर्णकाळ कोणता, असे विचाराल तर मी २०२० साल म्हणेन. टाळेबंदीत आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी सूचना काढल्या. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा. दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद. सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश, मधुमेह असेल तर बिनसाखरेचा. सरकारी कागद इतका मोजूनमापून क्वचित निघतो. पण कागद मराठी स्वयंपाकघरात शिरला की त्याला फोडणी बसते. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या काढ्यात लवंग पडली, दुसऱ्यावर ओवा आणि वेलदोडा, तिसऱ्यावर अडुळशाची पाने, आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा रंग पावसाळ्यातल्या मुठेसारखा झाला होता. मनुका तेवढी वाटेत गळाली. ती गोड लागते, म्हणजे तिच्यात औषध नसणार. "एकदा किंवा दोनदा" याचा अर्थ प्रत्येक फोननंतर एकदा, असा घेतला गेला. तिकडे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना माणसे मिरी-सुंठेचे पेले रिचवत होती. छातीत जळजळले की ती "प्रतिकारशक्ती तयार होतेय" आणि नाकातून रक्त आले की "उष्णता बाहेर पडतेय".

खरे म्हणजे काढा करायलाही शिस्त आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या हिशेबाने औषधाच्या सोळा पट पाणी घालायचे आणि अष्टमांश उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचे. हा हिशेब सांगणारे काका स्वतः ओट्यापाशी कधी उभे राहिलेले नव्हते. त्यामुळे सिलिंडर किती दिवस पुरतो या प्रश्नाशी अष्टमांशाचा संबंध काकूंनाच जोडावा लागला, आणि त्यांनी तो "मालिकेचा एक भाग संपेपर्यंत उकळायचा" असा सोडवला. पण काकांचे तेज काय वर्णावे! ज्यांना करोना झाला नाही ते त्यांच्या काढ्यामुळे वाचले. ज्यांना झाला ते त्यांचा काढा घेत होते म्हणून थोडक्यात निभावले. काढा हरेल असा एकही निकाल त्या परीक्षेत शक्य नव्हता.

त्याच दिवसांत आमच्या कुंपणाजवळच्या कडुलिंबावरची गुळवेल अचानक प्रसिद्धीस आली. लिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणाची, असा समज आहे. त्याआधी तिच्याकडे महापालिकेच्या माळ्याने फक्त कापून टाकण्याच्या दृष्टीने पाहिले होते. आता लोक तोंडाला मुखपट्टी आणि हातात कात्री घेऊन पहाटे खाली उतरू लागले. पंधरवड्यात हाताला येईल तेवढी वेल संपली. पण ती चिवट जात. मधूनच तोडली तरी वर लोंबणारा भाग दोऱ्यांसारखी बारीक मुळे सोडतो आणि ती हवेतून खाली येत पुन्हा जमीन गाठतात. तिला अमृता म्हणतात ते उगीच नव्हे. त्या वर्षी आमच्या सोसायटीत सगळ्यात उत्तम प्रतिकारशक्ती कोणाची होती, असे विचाराल तर त्या वेलीची.

मग २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची माहिती छापली. त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची खात्री केलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद तज्ज्ञांचा होता आणि तो त्यांच्यापुरता राहायला हवा होता. आमच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र दोन्ही बाजूंना वकील मिळाले. "आपली अस्सल आहे" असे ज्यांनी छातीठोकपणे लिहिले, त्यांच्या घरासमोरच्या जिन्यात ठेवलेल्या मनी प्लँटचीही बरीच पाने त्या महिन्यात कमी झाली होती. त्या प्रकरणाची चौकशी सोसायटीच्या समितीने पुढे नेली नाही.

आता काढा ओसरला आहे आणि रसाचे दिवस आहेत. पुण्यात कोणत्याही मोठ्या बागेच्या फाटकाशी सकाळी सहाला जा. एक घडीचे टेबल, त्यावर स्टीलचे डबे, शेजारी कागदी पेल्यांची चळत. कारले, दुधी, आवळा, गव्हांकुर, कडुलिंब, बीट, शेवगा. इथे रस भाजीच्या नावाने मागायची पद्धत नाही, आजाराच्या नावाने मागतात. "एक शुगर द्या, एक कोलेस्टेरॉल, आणि हिला गुडघा." माणसे रांगेत उभी राहून एकमेकांचे आकडे विचारतात. जे आकडे माणूस बायकोपासून लपवतो ते तो इथे अनोळखी माणसाला चालण्याच्या बुटाची नाडी बांधता बांधता सांगून टाकतो, आणि समोरचा लगेच, "कारल्यात थोडा कडुलिंब मारा, मग बघा." सांगणारा रस न घेताच निघतो. त्याची पावले मी पाहिली आहेत, फार हलकी पडतात. एकदा मी रसवाल्याला विचारले, "दादा, तुम्ही स्वतः कुठला घेता?" तो म्हणाला, "मी चहा घेतो साहेब. सकाळच्याला हे कोण पिणार?"

या रांगेत थट्टा जरा बाजूला ठेवावी असा एकच डबा आहे, दुधीचा. आपल्याकडे कडू म्हणजे गुणकारी असे पक्के बसले आहे. वर्षच आपण पाडव्याला कडुलिंब खाऊन सुरू करतो. पण तो ओवा, हिंग, चिंच, गूळ घालून, चिमूटभर. दुधी कडू लागला तर ते त्याचे औषधीपण नव्हे. त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या सगळ्याची छाननी केली. तिचे सांगणे साधे आहे : आधी एक तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब झाले तर ताबडतोब दवाखाना गाठा. मला या बाबतीत कोकणगोव्याच्या जुन्या माणसांचे कौतुक वाटते. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते कारीट पायाखाली फोडतात आणि कणभर जिभेला लावतात. कारीटही त्याच कुळातले, आणि जहाल कडू. त्याची जागा त्यांनी पायाखाली ठरवली. पेलाभर रस काढून अनशेपोटी प्या, असे त्यांना एवढ्या पिढ्यांत सुचले नाही.

सगळीच टॉनिके कडू नसतात, हे सांगायला हवे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट ही मंडळी बरणीत धायटीच्या फुलांबरोबर मुरतात आणि त्यांच्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने औषधातल्या दारूलाही कचाट्यात घेतले होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या त्या तरतुदी रद्द केल्या. त्यानंतर राज्यातल्या बऱ्याच धडधाकट पुरुषांना संध्याकाळी सातच्या सुमारास अशक्तपणा जाणवू लागला असावा. गोव्यात असे आडवळण घ्यावे लागले नाही. तिथे सर्दीला फेणी हे उघड औषध आहे, आणि सर्दी आहे की नाही ते रोग्याने ठरवायचे असते. दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते मोरारजी देसाई यांचे स्वतःचे टॉनिक तर कोणत्याच दुकानात मिळणारे नव्हते. दहा अर्थसंकल्प मांडूनही त्यांना त्यावर कर बसवता आला नसता. ते ९९ वर्षे जगले. पंतप्रधान असताना त्यांनी शिवांबूची महती अमेरिकन दूरचित्रवाणीवरही सांगितली. म्हणजे सांगण्याचा मोह इतक्या कडक माणसालाही आवरला नाही. एवढ्या मोठ्या माणसाने सांगूनही जे फारसे कोणी घेतले नाही असे ते एकमेव टॉनिक असेल.

कायदा या सांगणाऱ्यांचे काही करू शकतो का, हे मी पाहून ठेवले आहे. औषधांच्या चमत्कारी दाव्यांवर १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. मधुमेहापासून मोतीबिंदूपर्यंत ५४ आजारांची यादी त्याला जोडली आहे आणि त्यांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करायला बंदी आहे. जाहिरात म्हणजे काय, याच्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि पत्रक तर आहेच, शिवाय तोंडी घोषणा, प्रकाश, आवाज आणि धूरसुद्धा आहे. आमच्या मावशीचा धूर सोडून बाकी सगळ्याशी संबंध येतो. लग्नाच्या पंगतीत उभी राहून ती पाचव्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असे सांगते की रात्री भिजवलेल्या मेथ्यांनी तिच्या जावेची साखर कायमची गेली. पण मावशीला नोटीस बजावायला कोण अधिकारी जाईल? गेलाच, तर पोट सुटलेय म्हणून त्रिफळ्याची पुडी घेऊन परत येईल.

आणि या सांगणाऱ्यांना हसावे, तर कधी कधी ते सपशेल बरोबर निघतात, ही मोठी पंचाईत आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. याचा कायदेशीर अर्थ काहीही असो, मराठी अर्थ एकच : "मी आधीच सांगत नव्हते का?" हे आजीचे वाक्य अमेरिकेच्या सरकारी कार्यालयात पुराव्यानिशी मान्य झाले. त्या दिवसापासून घराघरांतल्या आज्यांचा आवाज जो चढला तो अजून खाली आलेला नाही. आता तर तेच हळदीचे दूध कॉफीच्या दुकानात लाटे म्हणून फेस काढून मिळते आणि आजीने फुकट दिले तेव्हा पळून जाणारी नातवंडे रांगेत उभी राहून ते विकत घेतात.

सांगणाऱ्याला ग्रंथाचा आधार फार लागतो, फक्त ग्रंथ उघडायचा नसतो. मध तापवू नये, असे आयुर्वेद बजावून सांगतो. तरी "आयुर्वेदच आहे हो" असे म्हणत गरम पाण्यात मध-लिंबू घेणारे तुम्हाला दर मजल्यावर भेटतील. तसेच रसायनांच्या अध्यायाचे. च्यवनप्राश जिथे सांगितला आहे त्याच अध्यायात, शेवटच्या भागात, चरकाने आचार रसायन नावाचे एक टॉनिक दिले आहे. त्यात आवळा नाही, उकळणे नाही. खरे बोलावे, रागावू नये, मद्यापासून दूर राहावे, गोड बोलावे, दान करावे, झोपणे आणि जागणे प्रमाणात ठेवावे, अहंकार नसावा, दूधतूप नेमाने घ्यावे. जो असे वागतो त्याला रसायनाचे सगळे गुण मिळतात, असे चरकाचे म्हणणे. बिनखर्चाचे, बिनसाखरेचे. हे मात्र कोणी कोणाला सुचवताना माझ्या कानावर आलेले नाही. दूधतुपाचे कलम तेवढे सर्वांना पाठ असते. एकदा मी त्या कारलेवाल्या रांगेत एका तापट गृहस्थांना "रागावू नये, तेही रसायनच आहे" असे सांगून पाहिले. पुढचा भाग मासिकात छापण्याजोगा नाही.

तेव्हा वाचकहो, गुळवेल, गव्हांकुर, अश्वगंधा, त्रिफळा, जे काही घेत असाल ते सुखाने घ्या, पण आपल्या डॉक्टरांना सांगा. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. "ते काय, आपलं घरगुतीच" म्हणून गाळू नका. मलाही सांगायला हरकत नाही. मात्र मग मी तुम्हाला शेवग्याच्या पाल्याबद्दल सांगणार, आणि ते तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागेल.